ड्रॉइंगप्रमाणे

खोका चौथ्यांदा वर चढला आणि चौथ्यांदा अडला.

"आडलं!" परांचीवरून मैनुद्दीन मिस्त्री ओरडला. "ताई, ह्यो काय बसत न्हाई. उगं माणसांच्या मानंवर बेतायचं. उतरवू का खाली?"

"उतरवा," उत्कर्षा म्हणाली. तिला खरं तर हातातला टॅब त्या खोक्यावर फेकून मारायचा होता.

विट्याच्या बाहेर, हायवेला लागून, नऊ मजली रुग्णालय उभं राहत होतं. चौथ्या मजल्यावर शस्त्रक्रियेच्या खोल्या होत्या आणि त्यांच्या छताआड ऑक्सिजनच्या नळ्या, पाण्याचे पाइप, हवेची डक्टं, केबली अशी सगळी गर्दी होती. ही गर्दी आता जागेवर जोडत नाहीत. सहा मीटर लांबीच्या लोखंडी सांगाड्यात ती कारखान्यातच बसवून येते. साइटवर त्या सांगाड्याला खोका म्हणतात. खोका उचलायचा, बीमखाली सरकवायचा, चार बोल्ट आवळायचे. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांच्या कामाला आज तिसरा दिवस लागला होता.

"किती आडतंय म्हणायचं?" मैनुद्दीनचाचा खाली उतरून, कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "सात सूत. मी सोमवारीच सांगितलंय तुमास्नी. स्लॅब भरताना एक टेकू दबला. आख्खा बीम सळयांसकट खाली बसला. आसं हुतं. बीम चांगला हाय, फकस्त खाली हाय."

सात सूत म्हणजे बावीस मिलिमीटर. उत्कर्षानं स्वतः तीनदा टेप लावून मोजलं होतं आणि तिन्ही वेळा कळवलंही होतं. आत्ता टॅबवर त्याचं उत्तर आलं होतं, अगदी नम्र भाषेत.

'बीमच्या तळाशी २२ मिमी जादा काँक्रीट चिकटल्याचे दिसते. तासून काढावे. तासणी पथक सोमवारी सकाळी ९ वाजता पोहोचेल. सहकार्याबद्दल आभार.'

"जादा काँक्रीट!" ती जवळजवळ किंचाळलीच. "चाचा, हे म्हणतंय बीम जागच्या जागी आहे, खाली नुसता लपका चिकटलाय. तासून टाका."

मैनुद्दीनचाचानं मान वर करून बीमकडे पाहिलं. सळया तळापासून तीस मिलिमीटर आत होत्या. बावीस तासले तर आठ उरणार, आणि तासणीचा हातोडा काही मोजून थांबत नाही. सळया उघड्या पडणार, काँक्रीटची त्यांच्यावरची पकड सुटणार. आणि बरोबर त्याच बीमच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, एमआरआयचं सात टनांचं यंत्र बसायचं होतं.

"येडं हाय का काय ते?" तो म्हणाला.

वेडं नव्हतं, हीच तर अडचण होती.

साधं घर असेल तर एक माणूस ते सगळं डोक्यात ठेवू शकतो. रुग्णालयाचं तसं नसतं. आर्किटेक्ट खोल्या काढतो, स्ट्रक्चरवाला त्यांतून खांब आणि बीम नेतो, हवेवाला म्हणतो माझं डक्ट इथूनच जाणार, ऑक्सिजनवाला म्हणतो मी कुणाच्या शेजारी बसणार नाही. ह्या सगळ्यांची भांडणं मिटवत पहिल्या कच्च्या रेघेपासून शेवटच्या बोल्टपर्यंत नकाशा पक्का करत नेणं, ह्याला संकल्पन-विकास म्हणतात. पूर्वी त्यात दोन-दोन वर्षं जायची. मग 'गुंफण' नावाची प्रणाली आली; टॅबवरचं ते उत्तर तिचंच होतं. ती लाखो मांडण्या करून बघते, मोडते, परत करते आणि नवव्या दिवशी पक्का नकाशा हातात ठेवते. सात मजल्यांपेक्षा उंच इमारतीला आता तिच्याशिवाय परवानगीच मिळत नाही.

गुंफणची खरी करामत मात्र वेगळी होती. माणसाच्या हातून काम थोडं इकडंतिकडं होणारच, म्हणून जुने लोक दोन वस्तूंमध्ये मोकळी जागा सोडायचे. तिला वाव म्हणत. पुस्तकं सांगायची, पंचवीस मिलिमीटर सोडा. गुंफणनं पुस्तकं बाजूला ठेवली आणि प्रश्न केला: माणसं प्रत्यक्षात किती चुकतात? उत्तरासाठी तिला चाळीस हजार इमारतींचे ॲज-बिल्ट नकाशे वाचायला दिले. ॲज-बिल्ट म्हणजे इमारत उभी राहिल्यावर, ती जशी झाली तशी मोजून काढलेला नकाशा. तो जोडल्याखेरीज पूर्णत्वाचा दाखला निघत नाही. गुंफणनं सगळे वाचले आणि ठरवलं की आपल्याकडचा गवंडी सरासरी चार मिलिमीटर चुकतो. मग पंचवीस कशाला सोडायचे? चार पुरेत. आठ मजल्यांच्या उंचीत नऊ मजले बसायला लागले आणि सगळे खूश झाले.

आता हे ॲज-बिल्ट कसे तयार होतात, ते साइटवर एक वर्ष काढलेल्या कुणालाही विचारा. काम संपलेलं असतं, माणसं दुसरीकडे गेलेली असतात, दाखला अडलेला असतो. टेप घेऊन नऊ मजले कोण चढणार? मूळ ड्रॉइंग काढायचं, वर 'ॲज-बिल्ट' असा शिक्का मारायचा, फरकाच्या रकान्यात 'ड्रॉइंगप्रमाणे' असं लिहायचं, सही ठोकायची आणि चहाला जायचं. ह्यात कुणालाही आपण लबाडी करतोय असं वाटत नाही. चार मिलिमीटर तरी निघाले ते थोड्या वेड्यांनी खरोखर मोजलं म्हणून, नाहीतर शून्यच निघाले असते.

त्या वेड्यांमध्ये उत्कर्षा होती. पहिल्या नोकरीत तिनं इमानेइतबारे मोजून लिहिलं होतं: इथे अठरा मिलिमीटर, तिथे नऊ, जिन्यात सव्वीस. गुंफण प्रत्येक सही करणाऱ्याला एक विश्वासांक देते, शून्य ते एक. बाकी सगळे चार मिलिमीटर चुकत असताना हिच्याच इमारती एवढ्या वाकड्या कशा, असा विचार करून गुंफणनं ठरवलं की बाईंना मोजता येत नाही. तिचा विश्वासांक शून्य पूर्णांक एकतीस होता.

आठ वर्षं साइटवर घासून ती तेहतिसाव्या वर्षी पुण्याला शिकायला गेली होती. 'जटिल इमारतींचे बांधकामतंत्र आणि संकल्पन-विकास' असं अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव होतं. नातेवाईक ते ऐकून घेत आणि विचारत, "म्हणजे बिल्डिंगचंच ना?" प्रबंधासाठी तिनं मुद्दाम हे रुग्णालय निवडलं होतं. गुंफण कुठं चुकते ते दाखवायचं होतं. आता ती डोळ्यांदेखत चुकत होती आणि दाखवायला कुणी सापडत नव्हतं.

दुपारी तिनं कामेरकर सरांना व्हिडिओ कॉल लावला. निरंजन कामेरकर तिचे मार्गदर्शक होते आणि गुंफण घडवणाऱ्या चमूतही होते. माणूस चांगला होता. कधी आवाज चढवत नसे, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नसे.

"स्कॅन केलंत का?" त्यांनी विचारलं.

"केलं की सर. दोनदा."

"मग प्रश्न कुठे आहे?"

प्रश्न स्कॅनमध्येच होता आणि सरांनाही तो माहीत होता. स्कॅनर भिंतीवर, बीमवर किरण मारतो आणि कोट्यवधी ठिपके गोळा करतो. त्यांतला कुठला ठिपका खरा बीम, कुठला धूळ आणि कुठला वाळलेला लपका, हे गुंफण ठरवते. ठरवताना ती पाहते की बीम कुठे असायला हवा आणि माणसं साधारण किती चुकतात. चार मिलिमीटर चुकणाऱ्या माणसांच्या देशात बीम बावीस मिलिमीटर खाली असूच शकत नाही. मग दिसतंय ते काय? लपका. गुंफणनं आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं, त्यामुळे समोर दिसत असूनही तिला ते पटत नव्हतं.

"सर, मी टेप लावून मोजलंय."

"टेप माणूस लावतो, उत्कर्षा. तुझा विश्वासांक बघता ती जे करतेय ते गणिती दृष्ट्या बरोबरच आहे."

"ॲज-बिल्टच खोटे आहेत सर! निम्म्याहून जास्त लोक न मोजता सही करतात. तिनं आमची सवय वाचली, इमारती वाचल्याच नाहीत."

"हे तुझ्या प्रबंधाचं गृहीतक आहे. सिद्ध कर, मी स्वतः मांडीन." सर हसले. "तोवर एक मार्ग आहे. शून्य पूर्णांक नऊच्या वर विश्वासांक असलेला कुणी येऊन साक्षी मोजणी करू शकतो. ती ग्राह्य धरली जाते. अगं, तुझ्या घरातच आहेत की! शामराव तारळेकर. शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव! सबंध पश्चिम महाराष्ट्रात पहिले."

उत्कर्षानं फोन ठेवला आणि बराच वेळ सिमेंटच्या पोत्यांवर बसून राहिली. सत्तावीस इमारती, सत्तावीस ॲज-बिल्ट आणि एकाही ठिकाणी फरक नाही. तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या दिवाणखान्यात त्याचं सन्मानपत्र लावलेलं होतं. 'अचूकतेचा मानदंड'. गुंफणच्या उद्घाटनाला त्यांना बोलावून शाल दिली होती.

आणि आप्पांनी आयुष्यात एकही ॲज-बिल्ट मोजलेला नव्हता. तिला ते माहीत होतं, कारण तिच्या लहानपणी जेवणाच्या टेबलावरच तो शिक्का पडलेला असायचा.

गुरुवारी सकाळी आप्पा साइटवर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून. आई गेल्यापासून त्यांना असं कुणी कामाला बोलावलं नव्हतं. यंत्रांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी पातळी बघायला पाण्याची नळी मागवली, दोरी ताणली, ओळंबा सोडला. बहात्तराव्या वर्षी परांचीवर असे चढले की खालची माणसं कौतुकानं बघत राहिली.

"मैनुद्दीन, किती म्हणालास तू?"

"सात सूत, आप्पा."

"सातच हाईत. बीम आख्खा बसलाय. वर स्लॅबला बी तेवढाच खड्डा हाय, ही बग दोरी." आप्पा खाली उतरले, हात झटकले. "कोण म्हणतंय लपका? आण इकडं तो टॅब."

त्यांनी अंगठा लावला, मोजमाप भरलं, सही केली. तिघं टॅबभोवती उभे राहिले. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं.

'शामराव तारळेकर यांच्या मागील २७ नोंदींशी ही नोंद पूर्णपणे विसंगत आहे. त्यांच्या नावाने अन्य व्यक्तीने नोंद केली असण्याची शक्यता. नोंद स्थगित. तासणीचे वेळापत्रक कायम.'

आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं.

"म्हंजे? मी मी न्हाई?"

मैनुद्दीनचाचाला हसू आवरेना, पण आप्पांचा चेहरा बघून त्यानं तोंड फिरवलं. उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आयुष्यभर खोटं लिहिलं तेव्हा शाल मिळाली, आणि पहिल्यांदा खरं लिहिलं तर हा माणूस तो नव्हेच!

शुक्रवारचा अख्खा दिवस तिनं फोनवर घालवला. कंत्राटदार कंपनी म्हणाली, गुंफणच्या आदेशाबाहेर जाऊन आम्ही काम थांबवलं तर जबाबदार आम्ही. आदेश पाळला तर नाही. मदतकेंद्रातल्या मुलीनं तिची तक्रार तीनदा ऐकून घेतली आणि तीनदा तोच क्रमांक दिला. एका अधिकाऱ्यानं मनापासून सहानुभूती दाखवली आणि सोमवारनंतर फोन करायला सांगितलं. सरांनी एवढंच सांगितलं की सही करणारा माणूस आपल्या जुन्या नोंदी स्वतः मागे घेऊ शकतो. मग गुंफणला त्याच्याबद्दल नव्यानं विचार करावा लागतो. पण त्याचा विश्वासांक शून्यावर येतो, त्याचं नाव खोट्या नोंदींच्या यादीत प्रसिद्ध होतं, शिकत असेल तर पदवीही जाते. आणि चौकशीला पंचेचाळीस दिवस लागतात.

संध्याकाळी ती घरी आली ती तणतणतच.

"आप्पा, ते सत्तावीस मागे घ्या."

आप्पा भाकरी मोडत होते. हात थांबला.

"सोमवारपर्यंत काही होणार नाही त्यानं, मला माहितीये. पण सुरुवात तरी होईल. तुमच्या नोंदींवर तिचा सगळ्यात जास्त भर आहे. तुम्ही मागे घेतल्या तर चारचे दहा होतील, दहाचे पंधरा. पुढच्या इमारतींना तरी वाव मिळेल."

"आन् मी लबाड ठरीन."

"ठरायचं काय राहिलंय त्यात?"

बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता. आप्पांनी ताट बाजूला सारलं.

"तुला काय वाटतं, मी घरी बसून इमारती बांदल्या? सत्तावीस बांदल्या. एकीला तडा न्हाई. त्या पोरांच्या शाळा हाईत, बाळंतपणाचे दवाखाने हाईत. कुठं सूतभर इकडं, सूतभर तिकडं झालं आसंल. ते आमी जागेवर निस्तारलं. पाइप वाकवला, दार रंदून घेतलं. कागुद दाखल्याला लागतो म्हणून दिला. कागुद वाचून कोन इमारत बांदत हुतं का तवा? आता तुमी बांदाय लागलाय, त्यात माजा काय दोष?"

"दोष कुणाचाच नाही आप्पा! हेच तर दोन दिवस सगळे मला सांगतायत!"

आप्पा उठून आत गेले. भांडण तिथंच थांबलं.

शनिवारी सकाळी ते स्वतःच तिच्या खोलीशी येऊन उभे राहिले. रात्री झोपले नसावेत.

"त्या चौथ्या मजल्याचा ॲज-बिल्ट गेलाय का?"

"नाही. खोका बसल्याशिवाय कसा जाईल?"

"मग गुंफणच्या लेखी तो मजला झालाय का व्हायचाय?"

उत्कर्षानं मान वर केली. "सही होईपर्यंत 'काम चालू' दिसतं."

"मग ड्रॉइंगमध्ये बदल करता येतो."

"येतो. संकल्पन-विकासाची विद्यार्थिनी म्हणून मलाही सुचवता येतो. पण..." आणि तिच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, "आप्पा?"

"ड्रॉइंगमध्येच बीम सात सूत खाली घे," आप्पा म्हणाले. आवाजात ना अभिमान होता ना लाज. चाळीस वर्षं कामाच्या अडचणी सोडवणारा माणूस बोलत होता. "कारण काय बी लिही. मंजूर झालं की मी मोजणी भरतो. फरकाच्या रकान्यात काय लिवायचं ते मला येतंय. ते यंत्र मला खरं बोललेलं वळखत न्हाई. ड्रॉइंगप्रमाणे म्हटलेलं वळखतं."

ती दोन तास घरात येरझाऱ्या घालत होती. हे केलं तर बीम वाचत होता. पण तिच्या प्रबंधाचा एकुलता एक पुरावाही जात होता, कारण नोंदीत तो बीम मुळातच तिथं काढलेला दिसणार होता. शिवाय आठ वर्षं जे तिनं कधी केलं नव्हतं, ज्यासाठी एकतीसचा शिक्का कपाळावर मिरवला होता, तेच आता तिच्या सहीनं होणार होतं. तिला राग होता. आप्पांचा नव्हे, गुंफणचाही नव्हे, तर खरं सांगायला एकही रकाना न ठेवणाऱ्या अख्ख्या व्यवस्थेचा. पण सोमवार काही तिचा राग निवण्याची वाट बघणार नव्हता.

अकरा वाजता तिनं बदल सुचवला. बीमचा तळ आणि सळया बावीस मिलिमीटर खाली, स्लॅबही तेवढाच खाली. कारण: पाचव्या मजल्यावरील यंत्राच्या फरशीसाठी जादा थर. हे कारण तिनं बसल्याबसल्या रचलं होतं.

गुंफणला ते आवडलं. तिनं दीड तासात सगळी गणितं नव्यानं केली, खोक्यातलं डक्ट थोडं चपटं केलं, कारखान्याला नवा आदेश पाठवला आणि 'उत्तम सूचना' असा शेराही मारला. दुपारी आप्पांनी अंगठा लावला. फरक: ड्रॉइंगप्रमाणे. या वेळी ते शामराव तारळेकरच होते, कुणालाच शंका आली नाही. जुना स्कॅन गुंफणनं नव्या नकाशाशी ताडून पाहिला आणि तिला तोच बीम आता नीट दिसला. लपका कुठंच नव्हता.

सोमवारी नऊ वाजता तासणीवाले आले नाहीत. गुरुवारी नवा खोका आला, वर चढला आणि दहा मिनिटांत बसला.

"बसला!" मैनुद्दीनचाचानं बोल्ट आवळून हाक दिली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. उत्कर्षानंही वाजवल्या. तिला त्या बीमकडे बघून रडू येत होतं, सुटकेचं होतं की कशाचं ते तिला सांगता आलं नसतं.

पंधरवड्यानं कामेरकर सरांचा फोन आला. आवाजात आनंद होता. चौथा मजला शून्य फरकानं पूर्ण झाला होता. आप्पांची अठ्ठाविसावी नोंदही निर्दोष होती. तिचा स्वतःचा विश्वासांक एकतीसवरून एकदम चौसष्टवर गेला होता.

"मग तो बावीसचा घोळ स्कॅनचाच निघाला म्हणायचा," सर म्हणाले. "चांगलं झालं. प्रबंधाची दिशा बदल आता. मानव आणि प्रणाली यांचं सहकार्य, असं काहीतरी घे. महिन्याभरात सादर कर. मी शिफारस लिहितो."

"सर, तो बीम खाली बसलेलाच आहे. आम्ही ड्रॉइंग बदललं."

सर हळूच म्हणाले, "हे मी ऐकलं नाही. तूही कुठं बोलू नकोस. पदवी हातात आलीये तुझ्या." आणि त्यांनी फोन ठेवला. खरोखर काळजीनं बोलले होते ते, म्हणून ती जास्तच चिडली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मैनुद्दीनचाचा घरी आला. त्याला पुढचं काम लागलं होतं: आटपाडीला आठ मजली वसतिगृह. तिथले नकाशे त्याच्या फोनवर आले होते. चहाला हात न लावता त्यानं फोन टेबलावर ठेवला.

"आप्पा, हे वाचा. वाव किती लिवलाय?"

आप्पांनी चष्मा लावला. "तीन."

"चार हुतं. आता तीन झालं. खाली कारण बी दिलंय. तुमचंच नाव हाय, आन् ताईंचं. विट्याच्या रुग्णालयातील ताज्या नोंदींच्या आधारे." मैनुद्दीनचाचा सहसा चिडत नसे, पण आज चिडला होता. "पंचेचाळीस वर्सं थापी धरतोय मी. तीन मिलिमीटर मला डोळ्याला दिसत बी न्हाईत. आमचा बीम वाचीवलात, लई उपकार झाले. पर तितं टेकू दबला तर ताई न्हाईत, आप्पा न्हाईत. तितं तासायला येतील आन् तासून जातील. चारशे पोरी ऱ्हाणार हाईत त्या वसतिगृहात. माझी नात हाय त्यांत."

तो चहा तसाच ठेवून निघून गेला.

आप्पा खुर्चीत बसून राहिले. उत्कर्षानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला परत भांडायचं नव्हतं. तिनं लॅपटॉप उघडला. प्रबंधाचं जुनं नाव तसंच ठेवलं. शेवटी एक परिशिष्ट जोडलं आणि त्याला मथळा दिला: 'खोट्या नोंदी, मागे घेण्यासाठी सादर'. ही यादी गेली की तिचा चौसष्टचा शून्य होणार होता, पदवी जाणार होती, आणि पंचेचाळीस दिवसांनी तिचं नाव सगळ्या साइट्सवर झळकणार होतं. तिनं टाइप केलं.

क्रमांक एक. उत्कर्षा शामराव तारळेकर. रुग्णालय, विटा. चौथा मजला.

आप्पा कधी उठून मागे येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.

"हे खोड," ते म्हणाले.

"आप्पा, मी खोडणार नाही. तुमचं नाव मी घातलेलं नाही. हे माझं आहे."

"तेच म्हणतोय. खोड आन् खाली घे. वर माजं घाल." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "सत्तावीस माज्या हाईत, तुजी एकच. लिही."

तिनं आपली ओळ खाली घेतली.

"पयली," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "तीन मजली शाळा. जिना डाव्या अंगाला अकरा सूत उतरता. दुसऱ्या मजल्याचा उत्तरेचा बीम पाच सूत खाली. गच्चीचा उतार नळाकडं कमी, नऊ सूत. लिहिलंस? आता दुसरी."